पुरुषाचे कपडे

६ डिसेंबर २०२४, शुक्रवार

मी जागेश्वर श्यामराव गहाणे, वय चोपन्न, वाणिज्य पदवीधर, साकोली येथील एका राईस मिलमध्ये मुख्य लेखापाल. माझा एकुलता मुलगा भूपेंद्र गेल्या महिन्यात पुण्यात डेंग्यूने वारला. काल त्याची तेरवी झाली. झाली, असे मी म्हणतो. माझी पत्नी चंद्रकला म्हणते, झाली नाही. या मतभेदाचा निकाल काय लागतो ते लिहून ठेवावे, एवढाच हेतू. एरवी मी रोजनिशी लिहिणारा मनुष्य नव्हे.

आमच्या घराण्यात तेरवीला, गेलेल्या माणसाने वापरलेले कपडे त्याच्या वयाच्या एका पुरुषाला देतात. त्याने ते तेथेच अंगावर घालायचे आणि आमच्या घरी जेवायचे. गेलेला जेवून गेला, असा त्याचा अर्थ. त्यानंतर घरच्यांनी ताटावर बसायचे. नवे कपडे चालत नाहीत. पहिला मान भाच्याचा, म्हणजे माझ्या बहिणीच्या, राखीच्या मुलाचा. मुन्ना भूपेंद्रपेक्षा वर्षाने लहान, अंगकाठी सारखीच.

पुण्याहून आलेल्या पेटीत शर्ट होते आणि सात स्कर्ट होते. पँट एकही नव्हती.

मुन्ना पाटावर बसला होता. चंद्रकलेने घडी केलेला निळा स्कर्ट त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो हातात घेतला, उलगडला, पुन्हा घडी घातली. म्हणाला, "मामी, त्याच्या दोन पँटी आहेत ना इथं कपाटात? त्या द्या. आत्ता घालतो."

"त्या त्यानं बापासाठी घातल्या," चंद्रकला म्हणाली. "त्याचे कपडे हे होत."

खरे आहे. साकोलीत आला की तो पँट घालीत असे. आमच्यातील ती समजूत होती.

मुन्ना रडवेला झाला. "मामी, मंडपात शंभर लोकं बसले आहेत. मले उद्या गावात राहाचं आहे."

राखी मध्ये पडली. "वहिनी, पोराले कायले अडकवता? कापड चांगलं आहे. कोन्या पोरीबारीले देऊन टाका, पुन्य लागंन."

"पोरगा होता माया. पोरगी नोहती. मानसाचे कपडे मानूसच घालंन."

मी गुरुजींना विचारले, मी घेऊ शकतो का. ते म्हणाले, "जागेश्वरराव, देणारा तो घेणारा कसा होईल?" मुद्दा बिनतोड होता.

शेवटी मुन्ना आपल्याच कपड्यांत जेवला. पंगत उठली. चंद्रकला जेवायला बसली नाही.

७ डिसेंबर, शनिवार

ती उपाशी राहत नाही. ओट्याशी उभी राहून हातावर भात घेऊन खाते. ताट घेत नाही. मी समोर पाट मांडला, तर म्हणाली, "तो जेवला नाही अजून."

९ डिसेंबर, सोमवार

मिलमध्ये रुजू झालो. वजनकाट्यावरचा माणूस दुसऱ्याला सांगत होता, "घागरा गाडीच्या चाकात गेला म्हनते. काहून घालावं असं मानसानं?" मी मागे उभा होतो. त्याला सांगितले—गाडी नव्हती. ताप होता. दवाखान्यातील खाटेवर गेला, चौथ्या दिवशी. तो म्हणाला, "हो ना साहेब, असंन. पन लोकं म्हनते."

तेरवीच्या उभ्याउभ्याने डावा पाय पुन्हा सुजला आहे. हत्तीपायाचे हे दुखणे मला तिशीपासून आहे. चिंधू शिंपी माझ्या प्रत्येक पँटचा डावा पाय चार बोटे रुंद शिवतो, म्हणून मिलमध्ये कोणाच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी पँट काढताना मात्र सोलून काढल्यासारखे होते.

१५ डिसेंबर, रविवार

आज पेटी नीट उघडली. स्कर्ट एकेक करून पलंगावर मांडले. आतापर्यंत मी "ते कपडे" असे म्हणत आलो. निरखून पाहिले कधीच नव्हते.

दोन निळे, एक काळा, एक मेंदी रंगाचा, एक चौकटींचा, एक मातकट, एक राखाडी. जाड सुती कापड. गुडघ्याखालपर्यंत. पुढे सपाट, मागे चुण्या. बायकांच्या कपड्यासारखी नाडी नाही—कमरेला चामड्याचा पट्टा आणि बक्कल. खिसे खोल. मातकटाच्या खिशात सिंहगड रस्त्यावरील एका उपाहारगृहाची पावती होती, दोन चहा. राखाडी सर्वांत नवा, कडक इस्त्रीचा. त्याला उजवीकडे एक अरुंद, लांब खिसा जादा आहे. त्यात तो काय ठेवीत असावा, कळले नाही.

तो वास्तुविशारदाच्या कार्यालयात नकाशे काढी. तेथे हेच घालून जात असे. बसमध्ये हेच, भाजी आणायला हेच. मी एकदा फोनवर कारण विचारले होते. कोणती चळवळ आहे का? पंथ? प्रकृतीचे काही? तो हसला. "बाबा, बरं वाटते. बस."

उत्तर अपुरे आहे असे मला तेव्हा वाटले होते. आज पलंगाशी बसून अधिक पुरे उत्तर शोधून पाहिले. सापडले नाही.

चंद्रकला दारात उभी होती. म्हणाली, "काळा त्याले शोभत होता. फोटो पाठवला होता मले."

मला पाठवला नव्हता.

१६ डिसेंबर, सोमवार

ओट्याशी, उभ्याने.

२१ डिसेंबर, शनिवार

नत्थू आला होता. शेजारच्या गावचा. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत दंडारीच्या नाच-नाटकात बाईचे काम करतो. या भागात त्याचे नाव आहे. वय तिशीच्या आत. चप्पल दाराबाहेर काढून, हात जोडून बसला.

"काकाजी, ऐकलं मी. कोनी घेऊन नाही राहिले म्हनून. मी घेतो. मले लाज नाही. मी त लुगडं नेसून नाचतो हजार लोकांपुढं."

मला मोठाच आधार वाटला. वय जुळते, अंगकाठी जुळते, माणूस सालस. उठून पेटी आणायलाही गेलो. परत येईपर्यंत चंद्रकला त्याच्यासमोर बसली होती.

"नत्थू, दंडार संपल्यावर काय करतोस लुगड्याचं?"

"घडी करून ठेवतो काकू. मोठ्या जपून."

"आन् पँट घालून घरी जातोस."

"हो."

"हे घालून बजारात जाशीन? गिरनीवर जाशीन दयन घेऊन?"

नत्थू खोटे बोलू शकला असता, बोलला नाही. "नाही काकू. ते सोंग असते. सोंगाले लोकं पैसे देते. बजारात गेलो त दगडं मारतीन."

"माया पोरगा सोंग नोहता घेत, बापा."

तिने त्याला चहा दिला. जाताना तो तिच्या पाया पडला. मी पेटी उचलून आत ठेवली. मी तिच्यावर रागावलो होतो, हे लिहिले पाहिजे. रागावून बोललो नाही, हेही.

२२ डिसेंबर, रविवार

काल एक माणूस मिळाला होता आणि तिने परत पाठवला. परंतु तिचे म्हणणे तर्काने खोडता येत नाही. कपडा पुरुषाचा का, तर तो पुरुष घालतो म्हणून. दुसरी व्याख्या मला येत नाही. आणि असा पुरुष साकोली तालुक्यात नाही.

ती वाळत चालली आहे. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

२५ डिसेंबर, बुधवार

तोडगा काढला आहे. कपडे वापरलेलेच हवेत; कापड तर वापरलेलेच आहे. स्कर्ट उसवून चिंधूकडून मुन्नाच्या मापाच्या पँट शिवून घ्याव्यात. घेर मोठा आहे, कापड पुरेल. मुन्ना त्या घालील, आमच्याकडे जेवेल. मुन्नाला फोन केला. "मामा, तसं असंन त आत्ता येतो," असे म्हणाला आणि फोनवरच रडू लागला. त्यालाही हे डाचत असले पाहिजे.

चंद्रकलेला सांगितले. तिने वाद घातला नाही. भिंतीकडे पाहून म्हणाली, "कापा. मेल्यावरही पँटीतच घाला त्याले."

मी याला संमती धरतो. दुसरे काय धरावे?

२८ डिसेंबर, शनिवार

सातही स्कर्ट पिशवीत घालून चिंधूच्या दुकानात दिले. तो म्हणाला, "ठेवा भाऊ. उद्या या मुन्नाले घेऊन." पिशवीकडे पाहिले नाही. माझ्याकडेही नाही.

२९ डिसेंबर, रविवार

मुन्ना कामासाठी शहापूरला गेला तो तेथेच अडकला, म्हणून एकटाच गेलो.

चिंधूने सहा स्कर्ट टेबलावर एका बाजूला ठेवले होते. उसवायला घेतला नव्हता एकही. सातवा, राखाडी, मशीनवर आडवा टाकला होता. त्याच्यावर टेप.

"गहाने भाऊ, हा नाही उसवत मी."

मी कारण विचारले.

"मुन्नाले हा कसा होईन? बाकीच्याची कंबर तीस आहे. याची छत्तीस." त्याने टेप पुन्हा धरून दाखवला. "भूपेंद्रलेही नसता झाला. खाली पडला असता घसरून. हा तुमचा होय."

मी म्हणालो, पुण्याच्या शिंप्याची चूक असेल.

"चूक कायची? माप त माह्यापासून नेलं त्यानं! दिवाळीत आलता, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. इथंच स्टुलावर बसला. म्हने, चिंधूकाका, बाबाले कपडा शिवाचा आहे पुन्याले, माप सांगा. मले वाटलं पँट असंन. मी सांगितलं, कंबर छत्तीस, उंची इतकी. अन् म्हटलं, बापू, डावा पाय चार बोटं जास्त धराले सांगजो, नाहीत बाबाले चालता नाही येनार." चिंधूने चष्मा काढून पुसला. "त हासला. म्हने, काका, याले डावा-उजवा पायच नाही लागत."

दुकानात बाहेरच्या रस्त्यावरील ट्रकांचा आवाज येत होता. मी काही वेळ स्टुलावर बसलो.

"बाकीचे उसवू काय, भाऊ?"

नको म्हणालो.

पिशवी घेऊन बसस्थानकाच्या बाजूने चालत आलो. उन्हाळ्यात माझा पाय फुगतो, हे मी त्याला कधी सांगितले नव्हते. संध्याकाळी पँट काढताना मी दार लावून घेत असे. लहानपणापासून तो त्या दाराबाहेर अभ्यासाला बसायचा.

३० डिसेंबर, सोमवार

सकाळी स्नान करून राखाडी स्कर्ट घातला. कंबर बरोबर बसली. उजवीकडच्या अरुंद खिशात माझ्या चष्म्याची डबी पुरती जाते, वर बोटभर जागाही उरत नाही. डाव्या पायाला कापड कोठेच लागत नाही. चोवीस वर्षांनी.

स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसलो. चंद्रकला ओट्याशी होती. वळली. पाहत राहिली. मी तिला चिंधूने सांगितलेले सर्व सांगितले, शब्दशः. देणारा घेणारा होऊ शकत नाही, हे मान्य. पण हा मी देत नाही, म्हणालो. हा मला मिळाला आहे.

ती जवळ आली, खाली बसली. "पट्टा उलटा लावला तुमी," म्हणाली. बक्कल सोडले, सरळ करून लावले. मग तिने एक ताट वाढले. ते माझ्यापुढे ठेवले. मग दुसरे वाढले आणि माझ्यासमोर बसली.

आज रजा घेतली. उद्या मिलमध्ये हाच घालून जाणार आहे. माझी पँट घडी करून कपाटात ठेवली—त्याच्या त्या दोन पँटींवर.

जा. श्या. गहाणे
साकोली, ३० डिसेंबर २०२४