लोला ऊरिंगची पळी

पुलांग-बातो,
१४ मार्च

बाळ एमोंग,

तुझ्या लोलाचा, म्हाताऱ्या आजीचा, आशीर्वाद. मी धडधाकट आहे. रेडा म्हातारा झालाय, पण माझ्यापेक्षा कमी कुरकुरतो. अक्षर वाकडं दिसलं तर हसू नकोस, मला शाळेत कुणी टिकू दिलं नाही.

काल गावाजवळच्या तुमच्या छावणीची पाटी उतरवली. इतकी वर्षं तिथं कमांडो आणि साधे शिपाई एकाच पातेल्यातलं जेवले, एकाच चिखलात लोळले. आता म्हणे ती कमांडच बंद. कमांडो उत्तरेला, तुम्ही शिपाई दक्षिणेच्या बेटांवर. हे मला सार्जंट दानिलोनं सांगितलं. तू नाही सांगितलंस. असू दे.

शेजारची बेबांग अजून टोमणे मारते. "नातवाला पकडून दिलंस, ऊरिंग! बक्षिसाचा तांदूळ गोड लागला का?"

म्हटलं, "लागला. तुझ्या जिभेपेक्षा गोड."

छावणीच्या लुटुपुटीच्या लढाईत, त्या सरावात, आम्हा गावच्या बायकांना काम एकच होतं, शिपाई दिसला की पातेलं बडवायचं आणि बक्षिसाचा तांदूळ घ्यायचा. कमांडो खोट्या कैद्याला सोडवून नेणार, तुम्ही शिपाई त्यांची वाट राखणार. एक जरी दिसला तरी सगळ्यांची फजिती. आणि तू तळ्यातल्या नाळीच्या भाजीत लपून कान खाजवलास! लहानपणापासून तोच डावा कान. मी बडवलं. पुन्हा वेळ आली तरी बडवीन.

कमांडो तुला हसले. "आजीचं बाळ आलं, लंगोट बदला रे!" तू माझ्यासमोरून गेलास, आणि जन्मात पहिल्यांदा आशीर्वादासाठी माझा हात कपाळाला न लावता गेलास.

त्यानंतरच्या शेवटच्या सरावाचं कुणाला सांगितलं, तर म्हातारी भ्रमली म्हणतील. म्हणून तुलाच लिहिते. भर उन्हात पायरीवर बसले होते. मांडीवर पातेलं, हाताशी लोखंडी पळी, पायाशी कुत्रा. मी तळ्यात तुझा कान शोधत होते. पान हललं नाही, बदक ओरडलं नाही. मग बघते तर कैदी चिंचेखालून कमांडोंबरोबर चाललेला! मी पळीला हात घातला.

पळी नव्हती.

तिच्या जागी पायरीवर ओला चिखल, त्यात बोटांचे ठसे. कुत्रा शेपूट हलवत होता.

बेबांग ओरडत होती, "अगं बडव की!" मी त्या ठशांवर माझी बोटं ठेवून बघत होते. एमोंग, मी युद्ध बघितलंय, वादळात छप्पर उडताना बघितलंय, पण असं काही बघितलं नव्हतं. माझ्या श्वासाइतका जवळ येऊन गेलास आणि मला वाराही लागला नाही. चर्चमध्ये सगळे गुडघ्यावर बसतात तेव्हाही माझ्या अंगावर असा काटा येत नाही.

सार्जंट म्हणाला, "हे कमांडोचं काम नव्हतं, लोला. साध्या शिपायाचं." त्याच कमांडोंनी तुला खांद्यावर घेऊन नाचवलं म्हणे. संध्याकाळी तुमचे ट्रक निघून गेले.

दक्षिणेत तळ्याकाठी जो बसलेला असेल, त्याच्या मांडीवर पातेलं नसेल, बंदूक असेल. म्हणून बडवलं होतं. एवढंच. कान खाजवू नकोस.

बेबांगनं नवी पळी देऊ केली, मी घेतली नाही. पेज काठीनं ढवळते. खाली लागते, करपते. माझी पळी कुणाच्या हाती पाठवायची नाही, पोस्टानं तर नाहीच. स्वतः आणून दे. माझा हात कपाळाला लावायचा राहिलाय, तोही तेव्हाच लाव.

वाट बघत नाही, करपलेली पेज खाते आहे,

तुझी लोला ऊरिंग