तारेच्या तीन घासण्या

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र फ्रिजवर ठेवून देशील आणि दोन-तीन दिवसांनी सवडीनं उघडशील, तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तसं करू नकोस. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस, आणि मग आपण दोघंही घाईघाईनं तुझ्या मुलीच्या शाळेकडे वळतो. बाबांचं आणि तुझं बोलणं बंद होऊन एकोणीस वर्षं झाली. आई गेली तेव्हा तू दोन दिवस आलास, तेव्हाही तुम्ही बोललात ते माझ्यामार्फत. त्याला विचार चहा घेणार का. त्यांना सांग, घेतला. चार फुटांवर बसून. हे असंच संपू नये एवढी एकच गोष्ट मला हवी आहे, आणि त्यासाठी जे सांगायला हवं ते मी आजवर तुला सांगितलेलं नाही.

आधी इकडची खबर. बाबांना चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. गुडघे कुरकुरतात, हात थोडा थरथरतो, पण जीभ शाबूत आहे. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात काचा घासते. आणि आपली ती जुनी गाडी अजून आहे. हस नकोस, खरंच आहे. बाजारापर्यंत जाते आणि परत येते, तेवढ्यात धूर मात्र गावभर करते. तिच्या पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. गेल्या महिन्यात एअर फिल्टर काढला तर तो तळणीतून काढल्यासारखा तेलानं निथळत होता. मेकॅनिक म्हणाला, इंजिन उघडावं लागेल. बाबांनी त्याला वाटेला लावलं आणि मला म्हणाले, उघडायचं वगैरे काही नाही, ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या पाइपमध्ये एक डबा बसवू.

'डबा' हा शब्द आपल्या घरातून हद्दपार झाला होता. मी दुकानात जेवण न्यायचे तर आई विचारायची, 'ते' घेतलंस का?

तुझा तो पहिला डबा मला अजून जसाच्या तसा दिसतो. कॉफीचा, जाड पत्र्याचा, फिरकीच्या झाकणाचा. त्याला तू पितळेच्या दोन नळ्या झाळून बसवल्या होत्यास, एक लांब, एक आखूड. इंजिनातली तेलकट वाफ एकीतून आत येणार, आतल्या तारेच्या घासणीवर आपटून तेल खाली ठिबकणार आणि उरलेली हवा दुसरीतून पुढे फिल्टरकडे जाणार. मागच्या शेडमध्ये बसून तू हे मला असं समजावलंस, जणू दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. घासणी बोटांनी ओढून सैल करत म्हणालास, हिला मोकळं ठेवायचं, वाफ कोंडली तर तेल दुसरीकडून वाट काढतं. तू बावीसचा, नुकतंच फिटरचं शिक्षण संपवलेला, नाक वर. मी सतराची, तुझ्या हाताखाली पाने देणारी. दहा-अकराचा मागितलास की मी बारा-तेराचा द्यायचे आणि शिव्या खायचे. एक स्क्रू तरी मला आवळू दे म्हणून किती मागे लागले होते मी तुझ्या. तू म्हणायचास, तू फक्त हातात दे.

आणि आपल्या घराचा कायदा तुला आठवत असेलच. अर्धा आटा जास्त. नळ असो, नट असो, बरणीचं झाकण असो, बाबांच्या हाताखालून गेलेली प्रत्येक गोष्ट गरजेपेक्षा अर्धा आटा जास्त आवळलेली. साखर काढायची तर आईला शेजारच्या काकांना हाक मारावी लागायची. त्या घरात वाढलेल्या मुलीला सैल ठेवलेली वस्तू म्हणजे अर्धवट सोडलेलं कामच वाटणार.

बाबांच्या कारखान्यातल्या सत्काराच्या सकाळी तू अंघोळीला गेलास. मी शेडमध्ये गेले. तू गाडीत बसवून ठेवलेल्या डब्याचं झाकण फिरवून पाहिलं तर आत ती एकुलती एक घासणी, विस्कटलेली. मला वाटलं, दादानं इथे आळस केला. मी स्वयंपाकघरातून दोन नव्या कोऱ्या घासण्या आणल्या, अंगठ्यानं दाबून दाबून आत बसवल्या आणि झाकण अर्धा आटा जास्त आवळलं. आई सकाळभर घासण्या शोधत होती. मी तिच्यासोबत शोधायचं नाटक केलं. मनात वाईट काही नव्हतं रे. तुझ्या कामाला माझाही हात लागावा, एवढंच होतं.

पुढचं तू माझ्यापेक्षा जास्त भोगलंस. पुलाच्या चढावर वाफेला जायला जागा उरली नाही, तेल मोजायची डिपस्टिक उडाली, तेल तापलेल्या सायलेन्सरवर सांडलं आणि बॉनेटमधून पांढरा धूर. बाबांचा इस्त्रीचा शर्ट छातीपर्यंत काळा. तीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाची गाडी पुलावर बंद, आणि तो आपल्याच सत्काराला मालवाहू टेम्पोत बसून पोचला, तेव्हा शिपाई खुर्च्या घडी करत होता. मानपत्र त्यांना जिन्याखाली दिलं. संध्याकाळी गाडी ओढून आणणाऱ्या तीन सहकाऱ्यांसमोर ते तुला म्हणाले, ज्याला एक डबा धड बसवता येत नाही, त्यानं माझ्या हत्यारांना हात लावायचा नाही. तू हातातला पाना पुसलास, भिंतीवर त्याच्या जागेवर टांगलास आणि आठव्या दिवशी घर सोडलंस.

मी दारात उभी होते, दादा. तेल वाट काढतं, हे तूच मला शिकवलं होतंस, त्यामुळे पुलावरच, गाडीत मागे बसल्या बसल्या, मला सगळं कळलं होतं. पहिल्या दिवशी भीतीनं गप्प बसले. तू गेल्यावर, आता सांगून काय उपयोग म्हणून. नंतर इतके दिवस का नाही सांगितलं, याचं उत्तर नव्हतं म्हणून. तुझी हातची गेलेली नोकरी, त्या शहरातली पहिली दोन वर्षं, तिथे कुणाच्या तरी बाकावर काढलेल्या रात्री, हे सगळं तुझ्या पत्रांतून वाचत राहिले आणि तुला स्वेटर विणून पाठवत राहिले. मला माफ कर असं म्हणायलाही लाज वाटते, पण म्हणते.

गेल्या रविवारी आम्ही नवा डबा बसवला. माझी अॅल्युमिनियमची पाण्याची बाटली घेतली, टोपणाला भोकं पाडून दोन नळ्या बसवल्या, बॅटरीशेजारी पट्टीवर घट्ट केली. बाबा स्टुलावर बसून टॉर्च धरत होते, म्हणजे उजेड माझ्या हातापेक्षा माझ्या नाकावरच जास्त पडत होता. मी एकच घासणी सैल करून आत सोडली. त्यांनी बाटली मागून घेतली, आत डोकावले आणि म्हणाले, एकच? त्या एका शब्दानं माझा बांध फुटला. हातात पाना तसाच धरून मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

ते म्हणाले, ठाऊक आहे.

त्या प्रकारानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी तुझा डबा उघडला होता. एक घासणी सैल, त्यांनीच तुला शिकवलं होतं तशी. दोन नव्या, स्वयंपाकघरातल्या, त्यांवर अंगठा दाबल्याचे खळगे. आपल्या घरात एवढा लहान अंगठा एकीचाच होता. तू अजून पाच दिवस त्याच घरात होतास, दादा. बाबा म्हणाले, रोज सकाळी ठरवायचो की आज बोलायचं. ती पोर आहे, उगाच तिच्यावर येईल, असं स्वतःला सांगायचो. खरं सांगू का, तीन माणसांसमोर बोललेला शब्द मला मागे घ्यायचा नव्हता.

मला त्यांचा भयंकर राग आला. एकोणीस वर्षं मी समजत होते की हे ओझं मी एकटी वाहते आहे, आणि त्याचं दुसरं टोक तेही मुकाट्यानं धरून होते. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पण मग आरशात पाहिलं. मी तरी कुठे वेगळं केलं होतं?

मंगळवारी गाडी सुरू करून पाहिली. बाबांनी माझा भांडी घासायचा रबरी हातमोजा तेल भरायच्या तोंडावर ताणून बसवला. आत वाफ कोंडत असेल तर मोजा फुगतो. इंजिन दहा मिनिटं चाललं, मोजा मरगळलेला तो तसाच. ते म्हणाले, त्या दिवशी निघण्यापूर्वी हे मी करायला हवं होतं. कारखान्यात दुसऱ्यांचं काम तपासून सही करणारा मी, घरच्या पोराचं काम न तपासता गाडीत बसलो आणि वर त्यालाच बोललो.

मग मी विचारलं, बाजारात जाणाऱ्या गाडीसाठी एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाले, बाजारापुरतं तिनं तेल खाल्लं तर चालतं, सहाशे किलोमीटरला नाही चालत. हे पत्र तुला गुरुवारपर्यंत मिळेल. शनिवारी सकाळी आम्ही निघतो, वाटेत मुक्काम करून रविवारी दुपारी तुझ्या दाराशी. गाडी मी चालवणार. बसनं जाऊ म्हटलं तर ऐकत नाहीत. याच गाडीनं जायचं, तुझ्यासमोर बॉनेट उघडायचं आणि म्हणायचं, तपास. मी विचारलं, दादानं दार उघडलं नाही तर? म्हणाले, गाडीत बसून राहीन, पाच दिवस तरी. तेव्हा तेवढेच मी न बोलता घालवले होते, म्हणाले. आणि एक गोष्ट तुला माहीत नसेल म्हणून सांगते. गाडीतून उतरताना आता त्यांना कुणाचा तरी हात लागतो. रविवारी तो मी देणार नाही.

तुझीच,
धाकटी