मागच्या बाकावर कोण

पाईक रिव्हर
६ मे १९७९

चि. हेल्वीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तळ्यावरचा बर्फ मंगळवारी फुटला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रजा काढ. आपण दोघं होडी घेऊन सहा दिवस रानातल्या तळ्यांवर जाऊ, लहान तोंडाच्या बास माशासाठी. हसू नकोस. आयुष्यभर मी त्या माशाला शहरी पाहुण्यांचं खेळणं म्हणालो, हे मला आठवतंय. पण तुला तो आवडतो, आणि माणसाने म्हातारपणी एखादं मत बदललं तर आभाळ कोसळत नाही.

रानात जायचा परवाना तुझ्या नावाने मागवला आहे. होडीत मागच्या बाकावर तू बसायचंस, दिशा तू द्यायचीस. मी पुढे बसून नुसतं वल्हं मारीन. खाण्याची यादी पाठीमागे लिहिली आहे. राय धान्याची भाकरी तेवढी तू आण, तुमच्या डलुथची बरी असते.

टाउनोने तुझ्याकडे काही कागद दिले असतील तर ते घरीच ठेवून ये. तुझा भाऊ शहाणा आहे, पण माझ्यासाठी खोल्या शोधायला मी त्याला सांगितलेलं नाही.

प्रकृतीस जप. माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.

तुझा,
बाबा


डलुथ
१२ मे

ती. लेम्पीआत्यास हेल्वीचा सा. न. वि. वि.

आत्या, तुझ्या भावाचं काय बिनसलंय? बाबांनी मला बास धरायला बोलावलंय! वॉलाय सोडून बाकी सगळे मासे मांजराचं खाणं, असं म्हणणारा माणूस. आणि मला मागे बसवणार म्हणे. आईलासुद्धा त्यांनी चाळीस वर्षांत मागे बसू दिलं नाही.

पण खरी मेख यादीत आहे. वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली आहेत मी, यादी दिसली की मनातल्या मनात ताटं मांडली जातात. सोमवार, मंगळवार, बुधवार सगळं दोघांचं. गुरुवारी दुपारपासून एकाचंच. एक अंडं, एक पेला कॉफी, डुकराच्या खारवलेल्या मांसाचे दोनच काप. बाबांचा हिशेब असा चुकत नाही. अक्षरही रेघ सोडून खाली घसरतंय.

टाउनोने वृद्धाश्रमाचा अर्ज माझ्याकडे पाठवला आहे, सही घेऊन ये म्हणून. बाबांना त्याचा वास लागलाय. आणि घर सोडण्यापेक्षा रानात मेलेलं बरं, असं ते आईच्या अंत्यविधीच्या वेळी म्हणाले होते, ते तूही ऐकलंस. आत्या, मला झोप लागत नाही. काहीतरी निमित्त काढून डोकावून ये ना.

तुझीच,
हेल्वी


पाईक रिव्हर
१९ मे

चि. हेल्वीस लेम्पीआत्याचे आशीर्वाद.

वेलदोड्याचा पाव घेऊन गेले होते. मला बघताच तुझ्या बापाने शेडचं दार ओढून घेतलं. मी काही काल जन्मले नाही, खिडकीतून बघितलंच. होडी डोक्यावर घेताना खांद्यावर टेकते ती आडपट्टी काढून तो नवी बसवतोय. चांगली जुनी पट्टी होती. विचारलं तर म्हणाला, बायकांनी आपला पाव सांभाळावा. मग मला कॉफी ओतली ती अर्धी पेल्यात, अर्धी टेबलावर, आणि वर पेल्यालाच शिव्या घातल्या.

पुढचं ऐक. शेजारच्या वाल्टरला त्याने गुरुवारी दुपारी लाकूडतोड्यांच्या रस्त्यावर, जिथे तो तळ्याला टेकतो, तिथे गाडी घेऊन यायला सांगितलंय. एकाच माणसाला आणायचं आहे म्हणे. कोणाला, ते वाल्टर सांगेना. शपथ घातलीय म्हणाला. साठीचा घोडा, शपथा कसल्या पाळतो!

मला विचारशील तर तुला गाडीत बसवून परत धाडायचा आणि स्वतः पुढे जायचा त्याचा बेत आहे. पुढे कुठे, ते माझ्याने लिहवत नाही. तू येऊच नकोस. तू नाहीस तर तोही जाणार नाही.

आठवण ठेव म्हाताऱ्या आत्याची.

लेम्पी


डलुथ
२४ मे

ती. बाबांस हेल्वीचा शि. सा. न. वि. वि.

आडपडदा न ठेवता विचारते. गुरुवारनंतर एकाचंच जेवण का? वाल्टर कोणाला न्यायला येणार आहे? मला वाटेत उतरवून तुम्ही एकटे पुढे जाणार असाल, तर मी होडीला हातही लावणार नाही, आणि टाउनोला घेऊन थेट घरी येईन. मग भांडायचं तेवढं भांडा.

आधी खरं कळवा. नाहीतर रजेचा अर्ज मी देणार नाही.

तुमची,
हेल्वी


पाईक रिव्हर
३० मे

चि. हेल्वीस आशीर्वाद, वि. वि.

लेम्पीच्या नाकाला कुलूप घालायची सोय असती तर बरं झालं असतं. बेत सगळा तू नासवलास, तेव्हा आता ऐक.

गाडीत मी बसणार आहे. पुढची तीन तळी आणि त्यांच्यामधल्या, होडी डोक्यावर घेऊन चालायच्या दोन वाटा, तू एकटीने करायच्यास. एक अंडं, एक पेला कॉफी, ते तुझं. पट्टी तुझ्या खांद्याच्या मापाची केली आहे.

आपल्या घरात पंधरा पुरी झाली की मूल एकट्याने होडी घरी आणतं. मी आणली, टाउनोने आणली. तू पंधराची झालीस तेव्हा सगळी तयारी करून अंगणात उभी होतीस, आणि मी म्हणालो, मुलींना ते झेपत नाही. तू वाद घातला नाहीस. आत जाऊन भांडी घासलीस. हेल्वी, ते खोटं होतं. टाउनो तसा एकटा गेला तेव्हा दोन रात्री मी घराच्या धक्क्यावर बसून काढल्या होत्या, आणि तुझ्या वेळी तसं बसायची माझी छाती झाली नाही. भित्रा मी होतो आणि नाव तुझं पुढे केलं.

आता तू त्रेचाळीस वर्षांची आहेस आणि मला उशीर झालाय. उजवा डोळा गेला आहे, डावाही जाईल असं डॉक्टर म्हणतो. होडी घेऊन येताना मला तुला बघायचंय. पुढच्या उन्हाळ्यात जमेल असं वाटत नाही.

यायचं की नाही, तू ठरव. राग असला तरी माझी आहेस.

बाबा


डलुथ
३ जून

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

रजा मंजूर झाली. पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि चारशे पोरांचं सूप करपवलं.

तुमचा संशय खरा होता. वृद्धाश्रमाचा अर्ज माझ्या पिशवीत होता, तुम्ही खुशीत असताना सही घ्यायची असं मी आणि टाउनोने ठरवलं होतं. तुम्ही लपवलंत, मीही लपवलं. तो मी फाडलेला नाही. डोळ्यांचं कळल्यावर तर फाडणार नाहीच. पण तो इथे टेबलाच्या खणात राहील, आणि तुम्ही स्वतः मागितल्याशिवाय बाहेर येणार नाही. टाउनोला तसं कळवलं आहे. तो चिडला आहे, चिडू दे.

अंगणातला तो दिवस मी विसरले नाही. भांडी घासताना रडत होते, आणि रडतेय हे कळू नये म्हणून ती दोनदा घासली. हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

गुरुवारी तुम्हाला रस्त्याशी उतरवीन आणि तशीच पुढे जाईन. शनिवारी सकाळी धक्क्यावर या, वाल्टरला आणू नका, आत्याला तर मुळीच नको. मी पूर्वेकडून येईन आणि ऊन तुमच्या डोळ्यांवर असेल. म्हणून लांबून होडीच्या कडेवर वल्हं आपटत येईन. ऐकू आलं की हात वर करा.

तुमची,
हेल्वी