तांब्यावरची बोटं

५ ऑक्टोबर १९३६, अकोला
आलो बुवा एकदाचा! जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी, कापसातली सरकी काढायच्या बंद पडलेल्या जिनात एका शेठजींनी हौसेनं प्रयोगशाळा थाटली आहे. पुण्यात सगळ्यांनी इथल्या उन्हाची भीती घातली होती. मला तर हे गाव, इथली भाकर आणि मोठ्यानं बोलणारी माणसं फार आवडली.

काम मजेचं आहे. काचेच्या हंडीत नारळाएवढे दोन तांब्याचे गोळे समोरासमोर बसवले आहेत. हंडीतली हवा उपसायची, गोळ्यांवर विजेचा ताण चढवायचा आणि तांबं कुठे हार खातं ते टिपायचं. कितीही गुळगुळीत केलं तरी तांब्यावर एखादा बारीक कण राहतोच. वीज त्याला ओढते, त्याचं टोक होतं, टोकाशी सगळा ताण एकवटतो. मग टोक वितळतं, ठिणगी उडते आणि खड्डा उरतो. पुन्हा घासून चकचकीत करायचं. घासण्यात माझा हात कोण धरणार!

कौशल्या, माझी बायको, दसऱ्याला येणार आहे. खंडेनवमीला यंत्राची पूजा असते. कुंकू तिथे काम करणाऱ्याच्या बायकोनं लावायचं, ही जिनापासूनची रीत. ऐकून स्वारी खूश होईल.

९ ऑक्टोबर
झाडलोटीला शकुन येते. तिचा नवरा देवीदास माझ्या आधी याच कामावर होता. गेल्या खंडेनवमीला ती ताट घेऊन येण्याआधीच त्यानं हंडी उचलून गोळा पुसायला हात लावला. वीज उतरवायची राहून गेली होती. हात सुटलाच नाही. हे तिनं केर भरता भरता सांगितलं. मला चहा गोड लागेना.

डाव्या गोळ्यावर आज पाच टोकं उठली. घासून काढली.

१४ ऑक्टोबर
पाचही टोकं पुन्हा त्याच जागी, मोहरीएवढी. ती समोरच्या गोळ्याकडे झुकायला हवीत. दाराकडे झुकली आहेत. भिंगातून पाहिलं तर प्रत्येकावर रेषा, बोटांच्या टोकांवर असतात तशा. मी घाबरलो आणि घाबरून जास्तच घासत सुटलो. शकुन दारातून ओरडली, "घासू नका साहेब! दुखते त्याइले!" नवऱ्याचा उल्लेख ती असाच करते.

१९ ऑक्टोबर
वीज चढवणं बंद केलं आहे. तरी वाढताहेत. आता नखंही आली आहेत. शेठजींना सांगितलं, तर ते हसले आणि यंदा पूजा जोरात करू म्हणाले. कौशल्येला तार केली, येऊ नकोस.

२२ ऑक्टोबर
तार पोचायच्या आत ती निघाली होती. आज आली, पूजेसाठी नवं लुगडं घेऊन. सगळं सांगितलं. म्हणाली, एकटं राहून तुमचं डोकं फिरलंय. तिला तिकडे जाऊ देणार नाही. प्रयोगाच्या खोलीला कुलूप घातलं. गोळ्यावर आता मनगटापर्यंत—

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळ. कौशल्या घरात नाही. पूजेचं ताट नाही. कुलपाची दुसरी किल्ली शकुनकडे असते, हे मी कसं विसरलो—

खोलीत आहे. शकुन माझ्या मागे उभी राहून रडते आहे. कौशल्येला तिनंच आणलं. "माह्या हातचं कुंकू आता चालत नाई. वैनीले म्हटलं, तुमीच लावा त्याइले."

हंडी उचललेली. कौशल्येचं कुंकवाचं बोट गोळ्याला— सुटत नाही. विजेच्या तारा उपटल्या. तरीही—

डाव्या हातानं लिहितोय. उजव्यानं तिचं मनगट धरलंय. कुणीतरी वाचावं म्हणून— तांबं मऊ झालंय, लोण्यासारखं— बोट पेरापर्यंत आत— ती माझं नाव घेऊन ओरडते, आजवर कधी घेतलं नव्हतं—

त्या गोळ्यावरची बोटं विरली. एकही उरलं नाही. गोळा आता आरशासारखा. त्यात आम्ही तिघंच दिसायला हवीत, पण आत कौशल्येचं बोट धरून चौथा कुणी—