दोन अँटीव्हायरस आणि एक कॉम्प्युटर

बाबा,

कॉम्प्युटरला अजिबात हात लावू नका. जुना अँटीव्हायरस न काढताच तुम्ही जाहिरात बघून दुसरा टाकलात, वर तो फुकटचा क्लीनर! एका मशीनमध्ये दोन राहिले की ते एकमेकांनाच व्हायरस समजतात आणि सगळं ठप्प होतं. त्यातला कुठला ठेवायचा, मला कळत नाही, आणि मला ऑफिसला उशीर होतोय. म्हणून निनाददादाला बोलावलंय. वेगळं राहायला गेल्यापासून पहिल्यांदाच येतोय, आणि कामोठे काय लांब आहे? "बाबा घरी नसतील ना?" असं विचारत होता. मी नसतील म्हणून सांगितलंय. तुम्ही कुठेही जाऊ नका. कुकरमध्ये वरणभात आहे, दोघांना पुरेल. बेल वाजली की दार उघडा.

वल्लरी