आशागडच्या पापडांचं पेज

आई,

तू गेलीस तेव्हा आपल्याकडे फोनसुद्धा नव्हता. कुणाचा निरोप असला तर तो स्टेशनसमोरच्या मेडिकलवाल्याकडे यायचा आणि मी धावत जाऊन ऐकून यायची. त्यामुळे आता मी पोटासाठी काय करते हे तुला सांगायला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. हल्ली फोन प्रत्येकाच्या खिशात असतो आणि त्या फोनमध्ये दुकानं असतात. माणसं घरबसल्या बोटाने सरकवत दुकानं बघतात. छोट्या धंदेवाल्यांना त्या फोनमध्ये कसं दिसायचं ते मी शिकवते. नकाशावर आपलं ठिकाण कसं टाकायचं, पेज कसं काढायचं, फोटो कुठल्या उजेडात घ्यायचा, कुणी वाईट लिहिलं तर काय उत्तर द्यायचं. मुंबईतली नोकरी सुटल्यावर २०१५ साली मी डहाणूला परत आले, तेव्हा एका संस्थेने हे काम दिलं. काही वार डहाणूत, काही तलासरीत. पुढच्या वर्षी नेट स्वस्त झालं आणि वर्गाला खुर्च्या पुरेनात. हायवेवरच्या अच्छाडचे ढाबेवाले येतात, ब्युटी पार्लरवाल्या येतात, चिकूच्या वाड्यांमधून रोपं विकणारे येतात. सगळ्यांना एकच हवं असतं, गिऱ्हाईक वाढलं पाहिजे. मीही तेच सांगते. रोज काहीतरी टाका, चेहरा दाखवा, लांबच्या लोकांपर्यंत पोचा. सांगून सांगून जीभ जड होते. तलासरीचा एक कापडवाला दर वेळी मागच्या खुर्चीवरून विचारतो, "बेन, लाइक तो बहु आव्या, घराक क्यां छे?" लाइक खूप आले, पण गिऱ्हाईक कुठे आहे? सगळा वर्ग हसतो, मीही हसते. मग पुढचा धडा काढते.

तुझी खानावळ मला या दिवसांत फार आठवते. खानावळ तरी कसली, रेल्वेच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर. दोन मास्तर, बुकिंगमधला क्लार्क, पोस्टातले ते जाडे भाऊ आणि आणखी कोण कोण. मी सहावीत असेन. शाळेतून उरलेला रंग आणून मी फळीवर लिहिलं, 'घरगुती खानावळ, आत या', आणि फळी फाटकाला बांधली. मला वाटलं तू खूष होशील. तू बाहेर आलीस, हात पदराला पुसलेस आणि दोरी सोडायला लागलीस. मी रडकुंडीला आले. तू म्हणालीस, "अगं, सात पानं वाढते मी. आठवं आलं तर कुणाच्या ताटातलं काढू?" आणि ती फळी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवून दिलीस. मला तुझा राग आला होता. किती तरी वर्षं मला वाटायचं की तुला मोठं व्हायची भीती वाटते. माझ्या कामात हे वाक्य आम्ही रोज वापरतो, मोठं व्हायची भीती सोडा.

आता तुला आशागडच्या एका बाईबद्दल सांगायचं आहे. ती आणि तिची धाकटी जाऊ नागलीचे पापड करतात. पीठ उकडायचं, मळायचं, लाटायचं आणि जुन्या साड्यांवर उन्हात घालायचं. आशागडचा बाजार आणि डहाणूची काही नोकरदार घरं, एवढंच त्यांचं गिऱ्हाईक. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती माझ्या वर्गाला आली. पहिल्या रांगेत बसायची, शंका विचारायची आणि जे सांगितलं ते घरी जाऊन करून बघायची. अशी माणसं क्वचित भेटतात. मीच तिचं पेज काढून दिलं. एका सकाळी तिच्या अंगणात जाऊन व्हिडिओ घेतला. दोघी जावा समोरासमोर बसून लाटताहेत, काहीतरी बोलून हसताहेत, मागे साडीभर पापड. कुठल्या तरी मोठ्या ग्रुपवर तो गेला आणि बघता बघता पसरला. ठाणे, पुणे, नाशिक, पार सुरतपर्यंत. फोन थांबेना. तिने शेजारच्या बायका बोलावल्या. पहाटेपासून लाटणं चाले. मी आनंदाने तिची गोष्ट प्रत्येक वर्गात सांगायला लागले. संस्थेने तिचा हसरा फोटो पत्रकावर छापला.

मे संपत आला तसं दुपारनंतर मळभ धरायला लागलं. जाऊ म्हणाली, आता नवं घ्यायचं नाही, वाळत नाहीत. ही म्हणाली, एवढं पोचवून देऊ, लोकांना शब्द दिलाय. वरून कडक आणि आतून ओले असे पापड पिशव्यांत बंद झाले आणि गावोगाव गेले. पंधरवड्यात त्यांना बुरशी आली. मग लोकांनी फोटो टाकायला सुरुवात केली. एकीकडे हिरवट डाग पडलेला पापड, दुसरीकडे तिचा तोच हसरा चेहरा. 'खेड्यातल्या गरीब बायका म्हणून विश्वास ठेवला', 'हिला ओळखून ठेवा' असं काहीबाही. आशागडच्या बाजारातसुद्धा कुणी कुणी फोन पुढे करून तिला ते दाखवलं. इतकी वर्षं तिचे पापड खाणारी माणसं! जावेने लाटणं उचललं आणि आपल्या दाराआड गेली. "मी सांगितलं होतं," एवढं बोलली, मग बोलणंच बंद. एकाच अंगणातली दोन दारं, आणि मधून कुणी जाईना.

ती माझ्याकडे डहाणूला आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. म्हणाली, "म्याडम, चालू कसं करायचं ते तुम्ही शिकवलं. बंद कसं करायचं ते सांगा."

आई, इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. माझ्या शिकवण्यात तो धडाच नाही. मी तिला समजावलं की आत्ता बंद केलं तर लोकांना वाटेल पळून गेली, आधी उत्तर देऊ. मग नेहमीचं लिहिलं, 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. त्यावर आणखी शिव्या आल्या. तासभर आम्ही दोघी त्या शिव्या वाचत बसलो. शेवटी मीच म्हटलं, चला, फोन करू. एकेकाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या ओट्यावर बसून आम्ही फोन लावायला घेतले. मी नंबर लावून द्यायची, ती बोलायची. "मी पापडवाली बोलते. तुमचे पापड खराब निघाले ना? ऊन नव्हतं, मी थांबायला हवं होतं. ऑक्टोबरात ऊन पडलं की दुसरे पाठवते." काहींनी फोन ठेवून दिला. एक गृहस्थ पाच मिनिटं ओरडले आणि मग स्वतःच ओशाळून म्हणाले, राहू द्या हो. डोंबिवलीची एक बाई आपल्या माहेरच्या वाळवणाबद्दलच बोलत बसली, हिला काही बोलूच देईना. प्रत्येक फोनआधी ती पदराने तोंड पुसायची. मी म्हटलं, उरलेले उद्या करू. तिने मानेनेच नाही म्हटलं आणि पुढचा लावायला सांगितला.

मग सुरतेचा एक फोन लागला. पलीकडची म्हातारी नुसतं गुजराती बोलत होती, तेही रागात. हिला थोडं समजतं, बोलता येत नाही. "हो बेन, हो बेन," एवढंच म्हणत राहिली आणि फोन कानापासून लांब धरायला लागली. मी हात पुढे केला, पण तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. जावेचं माहेर गुजरातेतल्या उंबरगावकडचं. आतून सगळं ऐकत असणार. ती आली, हिच्या हातातून फोन घेतला आणि गुजरातीत सुरू झाली. काय बोलली ते मला निम्मंच कळलं. आधी समजूत, मग विचारपूस, मग चक्क हसणं. फोन ठेवला आणि थोरलीकडे न बघता म्हणाली, "सरक जरा. पुढचा कुठला गाव?"

ऊन कलेपर्यंत दोघी आळीपाळीने बोलत होत्या. मी फक्त नंबर लावत होते.

ऑक्टोबरात दोघींनी सगळ्यांना पापड पाठवले. मग तिने मला बोलावून पेज बंद करायला लावलं. मी दोनदा विचारलं. लोक आता चांगलं लिहायला लागले होते, पुन्हा मागणी आली असती. ती म्हणाली, "नको म्याडम. आम्हा दोघींना पुरेल तेवढं बास." खूण शोधून मी बटण दाबलं. खरंच बंद करायचं आहे का, असं तो फोनही दोन-तीनदा विचारत राहिला. यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या अंगणात पुन्हा साड्या पसरल्या आहेत. आशागड आणि डहाणू, बास. संस्थेच्या पत्रकावर मात्र अजून तिचाच फोटो आहे. मी दोनदा सांगितलं, छापून झालीत म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात आपल्याकडे जमीन हलायला लागली, आई. लहान लहान धक्के, पण लोक थंडीत बाहेर झोपायचे. तलासरीला वर्ग चालू असताना एकदा खुर्च्या थरथरल्या आणि सगळे पटापट बाहेर पळाले. परत आत जायला कुणी तयार होईना, म्हणून मी अंगणातच उरलेला वर्ग घेतला. पडदा नाही, चित्रं नाहीत. मी त्यांना एकच विचारलं, उद्या दुप्पट गिऱ्हाईक आलं तर काय कराल, सांगा. मग कापडवाला म्हणाला, "पहिले आने दो ना, बेन." आणि सगळे हसले. आठवड्याने संस्थेचा फोन आला, की म्याडम, ठरलंय तेवढंच शिकवा, लोकांना उगाच घाबरवू नका. मी बरं म्हटलं. तेवढंच शिकवते. शेवटी पाच मिनिटं उरली तर बंद कसं करायचं तेही दाखवते. तोवर बहुतेक जण उठून गेलेले असतात.

हे पत्र घडी घालून कुठे ठेवावं हेही मला सुचत नाही, पाठवणं तर लांबच. पण एक सांगून टाकते. घरगुती पदार्थ विकणाऱ्या बायकांना मी एक ओळ हमखास लिहून देते, 'आईच्या हातची चव'. कुठेही चालते, लोक लगेच थांबून वाचतात. परवा एका लोणचेवालीने सहज विचारलं, "तुमच्या आईचं काय छान व्हायचं हो?" मी पटकन म्हटलं, आमटी. तिला वर्णनही करून सांगितलं, गूळ किती, आमसूल कधी. घरी आल्यावर कळलं की ते सगळं मी कुणाकुणासाठी लिहिलेल्या ओळींमधलं होतं. वाढताना तू बांगडी वर सारायचीस, ते आठवतं. आमटीची चव मात्र मला आठवत नाही, आई.