बैल, घरजावई आणि बॅकअप

८ सप्टेंबर, सोम.

डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. दिवाळीच्या आत बॅकअपचं सॉफ्टवेअर ठरवा म्हणाले. लॅबचा पसारा वाढलाय. अर्धा डेटा सांगलीच्या सर्व्हरवर, अर्धा क्लाउडवर, आणि साताऱ्याची शाखा दोन्हीकडं हात घालते. उद्या काही झालं तर पेशंटचे रिपोर्ट कुठून काढायचे? "तुम्ही बघा. तुम्ही सांगाल ते घेऊ." एवढं बोलून परत मायक्रोस्कोपला डोळा लावला.

एवढा विश्वास ठेवतात, बरं वाटतं. धडकीपण भरते.

तीन कंपन्यांना ट्रायलसाठी मेल टाकले.

११ सप्टें.

तिन्ही डेमो झाले. नावं लांबलचक, तोंडात बसत नाहीत, म्हणून मी आपली ठेवली.

फुकट्या: पैसे पडत नाहीत, पण अडलं तर विचारायला माणूस नाही.

बैल: दणकट. पण हाकायला कुणीतरी पाहिजे. म्हणजे मी.

घरजावई: स्वतःची माणसं घेऊनच येतो. पुण्यात बसून बॅकअप तेच घेणार, राखणार तेच, बिघडलं तर परत आणणारही तेच. सांगलीत सर्व्हरपाशी कुणी बसायलाच नको. डेमो देणारा हसून म्हणाला, "मॅडम, मग तुम्हाला काही टेन्शनच नाही."

टेन्शन नाही म्हणे. नोकरी नाही असं म्हण की सरळ.

१३ सप्टें., शनि.

म. कुपवाडच्या वर्कशॉपवरून आला, गाडी लावतो न लावतो तोच त्याला सगळं सांगितलं. हेल्मेट हातात धरून उभ्यानं ऐकलं. "मग बैल घे की. निवडणारी तूच हाईस." झालं. नवऱ्याच्या लेखी सगळं लेथ मशीन निवडण्याइतकं सोपं.

मी म्हटलं, आणि घरजावई खरंच चांगला निघाला तर? त्यानं हेल्मेट खुंटीला अडकवलं.

आव्वा आतून, "आरं, दिवस मावळाय लागला. आधी ताटावर बसा, मग काय ती चर्चा करा." सासूबाई या घरात आल्यापासून दिवस मावळल्यावर कधी जेवल्या नाहीत. आमचं भांडणही त्यामुळं उजेडातच उरकतं.

जेवताना मनात तेच. पुणं सोडून इथं आले तेव्हा असं काम सांगलीत मिळेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. हे गेलं तर दुसरं नाही. परत पुण्याला जायचं तर आव्वांचे गुडघे, म.चं वर्कशॉप, लेकीची, श्रुतीची दहावी. आणि खरं सांगायचं तर माझा त्या सर्व्हरच्या खोलीत जीव अडकलाय. पंख्यांचा तो आवाज. तिथं मी कुणाची सून नसते.

१७ सप्टें.

फुकट्या बाद. बॅकअप सगळेच घेतात, परत आणून दाखव म्हटलं की खरं कळतं. त्यानं बायोप्सीचे फोटो आणले सगळे, पण कुठला कुणाचा ते आणलंच नाही. आता पेशंटपुढं फोटो पसरून म्हणू काय, यातला तुमचा ओळखा?

उरले दोन. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवलेत. बैल दोन्ही शाखा सांभाळतो, घ.जा. सध्या फक्त क्लाउडच्या बाजूची नक्कल घेतोय.

बैल झकास चाललाय. उगीच खोटं का बोलू, मला तोच जिंकायला हवाय.

२२ सप्टें., घटस्थापना

बैलाचे नियम बसवले. साताऱ्याला सांगलीचा सर्व्हर लागला नाही तर त्यांनी अडून राहायचं नाही, क्लाउडवरच्या नकलेवर काम चालू ठेवायचं. सांगली परत लागली की दोन्ही जुळवायचं. तिथं सॉफ्टवेअर विचारतं, जुळलं नाही तर खरं कुणाचं धरू? मी सांगली टाकलं. थोरली शाखा इथली, डॉक्टर इथं, सर्व्हर इथं. थोरल्यांचं खरं. विचार करण्यासारखं काय होतं त्यात?

२५ सप्टें.

आज दिवसभर घ.जा.च्या खोड्या काढत बसले. स्क्रीनवरची अक्षरं बारीक आहेत. रिपोर्टचा रंग डोळ्याला बोचतो. इतक्या फालतू गोष्टी लिहिल्या की शेवटी मलाच हसू आलं आणि कागद फाडून टाकला.

दुपारी त्यांच्याकडची केतकी फोनवर. सरळ मुलगी, कामापुरतं बोलते. तिचा प्रश्न, "तुमच्याकडे वर्षातून कधी ठरवून सर्व्हर बंद होतो का?" मी ठसक्यात सांगितलं, "आमची लॅब कधी बंद नसते."

संध्याकाळी उगाच कपाटं आवरली. हात रिकामा राहिला की डोकं चालतं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळचे नमुने लवकर आटोपले. मग नेहमीप्रमाणे सगळी मशीन बंद करून पुसली, हळदीकुंकू, झेंडूचे हार. डॉक्टरांच्या वडिलांपासूनची पद्धत. आजच्या दिवशी यंत्राला विश्रांती, दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. तातडीचे नमुने शेजारच्या लॅबला.

सर्व्हर मी बंद केला. त्यालाही हार. डॉक्टरीणबाईंनी नारळ फोडला. पेढे वाटले. पंखे थांबले की ती खोली किती शांत होते, दरवर्षी विसरते. पाच मिनिटं तिथंच बसले. यंदाची पूजा माझी शेवटची असेल का, हा विचार आलाच.

२ ऑक्टो., दसरा

सकाळी सर्व्हर चालू केला. सगळे दिवे हिरवे. बैलानं जुळवाजुळव करून "पूर्ण" असा निरोप दिला. शाबास रे. पाठीवर थाप मारावीशी वाटली.

घरी श्रीखंड. आव्वांना सोनं दिलं, पाया पडले. बऱ्याच दिवसांनी मोकळं वाटलं.

३ ऑक्टो., शुक्र.

साताऱ्याहून शिंद्यांचा फोन. तिथली शाखा तेच बघतात, वय झालंय, सहसा आवाज चढवत नाहीत. "मॅडम, परवा दिवसभर काम केलंय आमी, त्यातलं कायबी दिसंना."

परवा म्हणजे नवमी. मी म्हटलं, नवमीला तुम्ही काम कसं केलंत? पूजा नव्हती?

"आवं, आमच्यात दसऱ्याला असती पूजा. नवमीला आमी चालूच हाय की."

सांगली हार घालून बसली होती तेव्हा सातारा क्लाउडच्या नकलेवर दिवसभर नोंदी करत होता. दसऱ्याला मी सर्व्हर चालू केला. बैलानं विचार केला, जुळत नाही, मग थोरल्यांचं खरं. साताऱ्याचा अख्खा दिवस पुसून टाकला आणि वर मला "पूर्ण" म्हणून कळवलं. मी सांगितलं तेच त्यानं केलं.

केतकीनं विचारलं होतं. मला ते बंद करणं वाटलंच नाही. ती पूजा होती.

मशीनच्या पोटात आकडे सापडतायत, पण कुठला नमुना कुणाचा ती नोंद गेली. नवमीचे नमुने काढून परत तपासावेत म्हटलं तर शिंदे म्हणाले, दसऱ्याच्या साफसफाईत ते टाकून दिले.

दिवसभर बैलाच्या पोटात हात घालून बसले. काही निघत नाही.

घ.जा.कडं असेल का? आज विचारलं नाही. आधी इथून निघतंय का बघते.

४ ऑक्टो., शनि.

पेशंटना परत बोलवायला सुरुवात केली शिंद्यांनी. वडूजकडचे एक आजोबा सकाळी उपाशीपोटी एसटीनं आले. दंडाची शीर सापडत नाही त्यांची. नवमीलाच टोचून टोचून काळीनिळी झाली होती. शिंदे फोनवर म्हणाले, "ते म्हातारं काय बोललं न्हाई. बाही वर करून गप बसलं. त्यानं बोलाय पायजे होतं मॅडम, बरं वाटलं असतं."

फोन ठेवला आणि केतकीला लावला. तिनं दोन-तीन प्रश्न विचारले, थांबा म्हणाली. चहा आला, तो थंड व्हायच्या आत नवमीचा अख्खा दिवस साताऱ्याच्या स्क्रीनवर परत. नावं, आकडे, सगळं. घ.जा.नं त्या संध्याकाळी क्लाउडची नक्कल घेतली होती. काल फोन केला असता तर कालच आलं असतं.

काल का केला नाही ते मला माहीत आहे. केला असता तर घ.जा. जिंकला असता. माझ्या नोकरीपायी त्या माणसाला परत सुई टोचली. इथं लिहून ठेवते, कारण दुसरीकडं कुठं लिहिण्याची हिंमत होईल की नाही सांगता येत नाही.

५ ऑक्टो., रवि.

कशात लक्ष नाही. शेंगदाणे भाजताना करपवले. श्रुतीवर विनाकारण ओरडले. आव्वा म्हणाल्या, "काय झालंय गं तुला? जरा एका जागी बस की." बसले. परत उठले.

७ ऑक्टो.

साताऱ्याला जाऊन आले. हायवेचं काम चालूच, एसटी खड्ड्याखड्ड्यांनी. शिंदे चहा पाजतात, विषय काढत नाहीत. मीच काढला. म्हटलं, चूक माझी, आणि उशीरही माझाच. म्हणाले, "झालं ते झालं. पण ठरवताना आमास्नी धरून ठरवा. सांगलीचं तेवढंच खरं, असं नगं."

मग आजोबांना फोन जोडून घेतला. माफी मागितली. त्यांना वाटलं रिपोर्ट वाईट आलाय म्हणून मोठ्या मॅडमनं फोन केलाय. किती समजावलं तरी शेवटपर्यंत विचारत होते, "खरं सांगा बाई, लय वाढलीय का?" साखर बेताची आहे त्यांची. त्यांचा विश्वास बसला असं वाटलं नाही.

येताना कराडपर्यंत रडू आवरलं नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, माहेरचं कुणी गेलं का?

१० ऑक्टो.

अहवाल लिहायला घेतला. गंमत अशी की बैलाची बाजू खोटं न बोलता मांडता येते. नियम बदलला की बैल चुकणार नाही. दोन्हीकडच्या नोंदी राखून ठेव, माणसाला विचार, एवढं सांगितलं की झालं. शब्दन् शब्द खरा. डॉक्टर वाचतील, मान डोलावतील. मी त्या खोलीत राहीन.

पण पुढच्या नवमीला मी आजारी असले तर? श्रुतीच्या परीक्षेला रजेवर असले तर? बैल माझ्या डोक्यानं चालतो, आणि माझं डोकं कसं चालतं ते या महिन्यात बघितलं.

म.ला दोन्ही कच्चे अहवाल वाचून दाखवले. यावेळी त्याला सोपं वाटलं नाही. म्हणाला, "मला बैलाचाच बरा वाटतोय. पण मला इचारू नगंस, मी घरचा माणूस."

१३ ऑक्टो., सोम.

अहवाल दिला. पहिली पसंती घरजावई. कारणं लिहिली. नवमीचं लिहिलं. आणि तीन तारखेला फोन न केल्याचंही लिहिलं. ते वाक्य कितीदा खोडलं असेल. शेवटी ठेवलं.

डॉक्टर संध्याकाळी वाचतो म्हणाले. संध्याकाळी बोलावलं नाही.

१४ ऑक्टो.

आजही नाही. समोरून दोनदा गेले. एकदा चष्मा पुसत होते, एकदा हसले. कसलं हसू ते कळलं नाही. जेवण जात नाही. आव्वांनी ताटातलं कमी केलं.

१५ ऑक्टो., बुध.

दुपारी बोलावलं. अहवाल टेबलावर.

"यात सांगलीत कोण बसणार, ते कुठं लिहिलेलं दिसत नाही."

म्हटलं, कुणीच बसायची गरज नाही सर.

अहवाल मिटून ठेवला. म्हणाले, "आजोबांचं वाचून मला राग आला. अजून आहे. ते वेगळं बोलू." मी मान खाली. "पण तुम्ही दुसरं लिहिलं असतं तरी मी तेच घेतलं असतं. मला यातलं काय कळतंय? तुमच्यावर टाकून मोकळा झालो होतो मी."

मी बैल की घरजावई यात महिनाभर झुरले, आणि या माणसानं दोन्हींवर सारखीच सही केली असती. अडवायला कुणीच नव्हतं. मी सोडून.

सही झाली. माझं काय, ते विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही. "दिवाळीनंतर बसू," एवढंच.

घरी येऊन म.ला सांगितलं. म्हणाला, पुण्याच्या ओळखीच्यांना फोन करून ठेवायचा का? म्हटलं, थांब जरा. आव्वा आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत होत्या.

उद्या पुण्याची माणसं येणार आहेत. त्यांना दोन्ही शाखांचं सगळं शिकवायचं काम डॉक्टरांनी माझ्याकडंच दिलंय. कुठली वायर कुठं जाते, कुठलं मशीन कधी रुसतं, नवमी कुणाची आणि दसरा कुणाचा. नीट शिकवायचं ठरवलंय. एकदा चुकारपणा करून बघितला.